फोडीला डोळा राहू दे

(मार्कंडेय नदीकाठच्या एका गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेनं केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलं आहे. मध्ये वीज गेल्यावरचा गोंधळ तेवढा गाळला आहे.)

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी आणि इथं पुढ्यात चटईवर दाटीवाटीनं बसलेल्या पोरांनो,

तुमच्या पत्रिकेवर माझा विषय छापलाय: ‘माणसाची जोडले जाण्याची ओढ व अंतःशक्तीची जोपासना’. आमच्या घरी ही पत्रिका आली तेव्हा मिस्टर चष्मा लावून वाचायला लागले आणि म्हणाले, हे भाषण आहे की टॉनिकची बाटली? मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. चौतीस वर्षं मी शिकवलं, पण ‘अंतःशक्ती’ हा शब्द वर्गाबाहेर मला कधी लागला नाही. आपण काय म्हणतो? ‘अंगात हाय पोराच्या’ म्हणतो. नाहीतर ‘त्येच्या अंगातच न्हाई’ म्हणून मोकळे होतो. हे दुसरं वाक्य आपण फार लवकर बोलतो. मीसुद्धा बोलले आहे. ते सांगणारच आहे.

आधी बटाट्याचं सांगते.

माझं माहेर इथून दोन गावं सोडून. मिरगाच्या तोंडावर आमच्याकडं बटाट्याचं बियाणं यायचं. जालंधरचं बियाणं म्हणून त्याचा मान. पोती सोप्यात उतरली की घरातल्या आणि गल्लीतल्या बायका विळ्या घेऊन कापायला बसायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन, आजीच्या मांडीला लागून बसायची. तुमच्यातल्या निम्म्यांनी हे काम केलेलं असणार, तेव्हा चुकले तर सांगा. आख्खा बटाटा लावला तर बियाणं फार जातं, म्हणून फोडी करायच्या. करताना एकच नेम: प्रत्येक फोडीवर एक तरी डोळा राहिला पाहिजे. बटाट्याच्या शेंड्याकडं डोळे दाट असतात, बुडाकडं विरळ. म्हणून आडवा काप द्यायचा नाही, उभा द्यायचा, म्हणजे शेंड्याचे डोळे दोन्हीकडं वाटून जातात. माझा हात घाईचा. आजी माझी फोड उचलायची, अंगठ्यानं फिरवून बघायची आणि म्हणायची, “ही आंधळी गेली बघ गे.” आणि ती फोड बुट्टीत टाकायची. बुट्टी म्हणजे रात्रीची भाजी. त्या हंगामात आमच्याकडं रोज बटाट्याची भाजी असायची, यावरून माझ्या हाताची तुम्हाला कल्पना येईल.

आंधळी फोड वाया जात नव्हती, एवढं लक्षात घ्या. पण मातीत घातली तर ती नुसती कुजायची. डोळ्याची फोड मात्र, कापलेल्या अंगाला चुलीतली राख चोळून ठेवली, की चार दिवसांत डोळा फुगलेला दिसायचा. अजून माती नाही, पाणी नाही. सोप्यातल्या काळोखात आपली आपण फुगलेली.

हे सगळं मी विसरून गेले होते. बी. एड. करताना कार्ल रॉजर्स हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं, पास झाले, तेही विसरले. हा अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, १९०२ साली जन्मला, १९८७ साली गेला. समोरच्या माणसाचं ऐकून घेणं हाच उपचार, असं म्हणणारा. तो लहानपणी शेतावर राहायचा. हिवाळ्याची बेगमी म्हणून त्याच्या घरी तळघरात बटाटे भरून ठेवत. तळघराला एकच लहानशी खिडकी, तीही बटाट्यांपासून कितीतरी फूट वर. तर त्या बटाट्यांना त्या अंधारातसुद्धा कोंभ यायचे. पांढरेफटक, मरतुकडे, शेतातल्या हिरव्या कोंभांसारखे अजिबात नाहीत. पण ते दोन-दोन, तीन-तीन फूट वाढायचे, त्या खिडकीच्या दिशेनं. त्यांचं कधी झाड होणार नव्हतं. तरी धडपड चाललेली. पुढं मनोरुग्णालयातल्या, आयुष्य पार वाकडं झालेल्या माणसांशी बोलताना रॉजर्सला ते कोंभ आठवायचे.

रिटायर झाल्यावर हे मी परत वाचलं, तेव्हा सोप्यातल्या पोत्यांचा वास आला मला. बटाट्याबद्दल बेळगाव तालुक्यातल्या माणसाला अमेरिकेनं समजावून सांगावं लागतं, हीही गंमतच.

पण रॉजर्स सांगतो त्यातली एक गोष्ट लोक निसटू देतात. सगळे म्हणतात, बघा, आतली शक्ती केवढी, अंधारातसुद्धा वाढली! बरोबर आहे. पण वाढली कुणीकडं? खिडकीकडं. तुमच्या पत्रिकेत ‘ओढ व शक्ती’ असं छापलंय. त्यातल्या ‘व’ला माझी हरकत आहे. त्या दोन वस्तू नाहीत. कोंभाची वाढ बघितली तर तीच त्याची ओढ, आणि ओढ बघितली तर तीच वाढ. आमच्या भाषेत शब्दच कसा आहे बघा. माणसाची ती ओढ, आणि पावसाळ्यात डोंगरावरनं खाली धावतो तो ओढा.

हल्ली मात्र या ‘व’चा मोठा धंदा झालाय. शहरात बोर्ड दिसतात, ‘स्वतःला ओळखा’, ‘तुमच्यातला वाघ जागा करा’. दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्ता धरून. मी एकदा गेले होते, भाचीनं नेलं. आम्हाला आरशासमोर उभं करून म्हणायला लावलं की मी समर्थ आहे. मी म्हटलं. आरशानं काही हरकत घेतली नाही. आरशाची अडचण तीच असते, तो कशालाच हरकत घेत नाही आणि शाबासही म्हणत नाही.

आता माझी चूक.

माझी पहिली कायम नेमणूक खानापूर तालुक्यात होती, जांबोटीच्या रस्त्याला. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर वर्गात शिकवलेलं पोरांना ऐकू जायचं नाही, कौलांवर नुसता ताशा. १९९१-९२ची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. वाचन नाही, लिखाण नाही, बोलणं नाही. एकच उद्योग: बाक वाजवायचा. बोटानं, पट्टीनं, कंपासपेटीच्या झाकणानं. या फळीवर एकदा, त्या फळीवर एकदा, मान तिरकी करून. आणि मध्येच हळू आवाजात शेजाऱ्याला सांगायचा, “कणकुंबीची गाडी आली.” बाहेर बघावं तर रस्ता रिकामा. मग दोन-तीन मिनिटांनी वळणावरून गाडी यायची. आणि ती कणकुंबीचीच असायची, खानापूरकडची नसायची. दोन्ही गाड्यांच्या इंजिनाचा आवाज त्याला वेगळा कळत होता, तोही त्या पावसात.

मी काय केलं? बाक वाजवतो म्हणून त्याला मागच्या भिंतीला उभा केला. एक दिवस नाही, बरेच महिने. हात मागं बांधून. त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, त्याच्या अंगात नाही, उगीच वर्ष घालवू नका. वडील गरीब माणूस. “व्हय बाई” म्हणाले. पुढच्या जूनला तो मुलगा आला नाही.

मी वाईट बाई नव्हते, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते. एका वर्गात तीन इयत्ता, वरून तपासणी यायची, सगळं खरं. पण फोड माझ्या हातात होती, डोळा दिसत होता, आणि मी ती बुट्टीत टाकली.

त्याचं पुढं काय झालं ते मला पंचवीस-सव्वीस वर्षांनी कळलं. बेळगावात एका लग्नात एक माणूस येऊन पाया पडला. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, आहे म्हणाला. उद्यमबाग, आपली कारखान्यांची वसाहत, तुम्हाला मी काय सांगायची, इथल्या प्रत्येक घरातला कुणीतरी तिकडं असतोच. हा आधी तिथं वाळू मारायला लागला, मग फेटलिंगला, म्हणजे ओतून आलेल्या मालाची वाळू झाडायची, कडा घासायच्या. सतरा-अठरा वर्षांचा असताना. तिथला तपासणीचा मिस्त्री बैलहोंगलकडचा, पक्का कानडी. याला कानडी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हा घासलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव तुकड्यावर, पान्यानं वाजवत बसला होता. जुनी खोड. मिस्त्री लांबून बघत होता. हा घाबरला, आता शिव्या बसणार. मिस्त्री म्हणाला, “इल्लि बा.” इकडं ये. आणि दोन कास्टिंगं साखळीला टांगली. एकीवर हातोडीचा टोला दिला, दुसरीवर दिला. आणि म्हणाला, “केळ.”

ऐक.

ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आतून चांगलं असेल तर ते घंटेसारखं घणघणतं, आवाज लांबत जातो. आत चीर असेल किंवा रस नीट बसला नसेल तर थद्द वाजून मरतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यानं खराब होती तिच्यावर हात ठेवला. मिस्त्रीनं आणखी दोन टांगली. मग आणखी दोन. जेवणाची सुट्टी संपली तरी चाललेलं. “बाई, त्या दिवशी मी जेवलोच न्हाई,” तो मला म्हणाला. “आणि मला पैल्यांदा वाटलं की माज्या डोस्क्यात जे वाजतंय ते दुसऱ्याला बी ऐकू येतंय.”

हे वाक्य मी तसंच्या तसं ठेवलंय. गेली काही वर्षं मी जिथं बोलायला जाते तिथं खरं म्हणजे या वाक्याबद्दलच बोलते, विषय काही का छापलेला असेना.

इथं कानडी जाणणारे बरेच आहेत, म्हणून एक सांगते. ‘केळु’ या कानडी क्रियापदाचे अर्थ दोन. केळु म्हणजे ऐकणे, आणि केळु म्हणजेच विचारणे. कानडीत प्रश्न विचारायचा झाला तरी ‘केळु’, आणि उत्तर ऐकायचं झालं तरी ‘केळु’. मराठीत आपण दोन शब्द केले, आणि मला वाटतं तिथंच आम्हा मास्तर लोकांची सोय झाली. आम्ही विचारायचं काम घेतलं आणि ऐकायचं सोडून दिलं. त्या मिस्त्रीनं ‘केळ’ म्हटलं तेव्हा तो ऐक म्हणत होता, आणि त्याच दमात पोराला विचारतही होता. वर्गात मी त्या पोराला किती प्रश्न विचारले असतील, त्याची गणतीच नाही.

आता दुसरा एक मुलगा, हा तुमच्या माहितीतला. इथून फार लांब नाही, बेळगावच्या पूर्वेला रेल्वे लाइनीवर सुळेभावी आहे. तिथं ८ एप्रिल १९२४ला शिवपुत्र कोमकाळी जन्मला, म्हणजे आपले कुमार गंधर्व. घरी कानडी. गाण्यात बोलायला लागला तो ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हा पोरगा हुबेहूब गायचा. लोक थक्क. गावोगावी जलसे, बक्षिसं, बिल्ले. आपल्याकडं असतं तर आपण तिथंच थांबलो असतो, व्हिडिओ काढून पाठवत बसलो असतो. पण त्याला मुंबईला बी. आर. देवधरांकडं गाणं शिकायला ठेवलं. दुसऱ्याचा आवाज काढणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज सापडायला आणखी किती वर्षं लागली असतील, याचा विचार करा. तबकडी तुम्हाला सगळं देते, पण तुमचं ऐकत नाही. देवधरांच्या शाळेत ऐकणारी माणसं होती.

पुढचं अजून महत्त्वाचं. ऐन उमेदीत क्षय झाला. १९४८ साली हवापालट म्हणून माळव्यात देवासला गेले. गाणं बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. पाच-सहा वर्षं पडून. नवीन औषध आलं, बरे झाले, १९५३च्या सुमाराला परत गाऊ लागले, आणि ते गाणं आधीचं राहिलं नव्हतं. ही गोष्ट आपण सांगतो ती जिद्दीची म्हणून. एकट्या माणसाचा पराक्रम. मला ती तशी वाटत नाही. बिछान्यात पडल्या पडल्या त्यांच्या कानावर काय पडत होतं? माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, पुढं ती जमवली, त्यांच्यातून रागांची बीजं काढली. आणि उशाशी कोण होतं? भानुमतीबाई, त्यांची पत्नी. त्यांनी त्यांना जगवलं. त्या स्वतः १९६१मध्ये गेल्या. कुमारांचं नाव घेताना आपण भानुमतीबाईंचं नाव घेत नाही. मी घेते. बिछान्यावरच्या त्या माणसाला दोन खिडक्या होत्या, एक रस्त्याकडची आणि एक घरातली.

शास्त्राचं थोडंसं सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसत्या गोष्टी सांगून गेल्या. अमेरिकेत १९३८पासून सातशे चोवीस मुलग्यांच्या आयुष्याचा माग ठेवलाय, हार्वर्ड विद्यापीठानं. काही सुखवस्तू, काही बोस्टनच्या गरीब वस्तीतले. ही मुलं म्हातारी झाली, बरीचशी वारली, अभ्यास चालूच. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून अंदाज चांगला बांधता आला. सातशे चोवीसच्या सातशे चोवीस पुरुष. बायकांना फार उशिरा विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली सांगितलं की जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा छळतो. असो.

मला त्यापेक्षा एक लहानसा प्रयोग जास्त खुपतो. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या संशोधकानं १९७०च्या दशकात केलेला. आई समोर बसलेल्या तान्ह्याशी खेळते. बाळ हसतं, आई हसते, बाळ बोट दाखवतं, आई तिकडं बघते. मग आईला सांगतात, दोनएक मिनिटं चेहरा दगडासारखा ठेव. बाळाकडं बघ, पण काही दाखवू नकोस. बाळाला सेकंदात कळतं. आधी ते हसून बघतं. मग बोट दाखवतं, मघाशी जमलं होतं ना, म्हणून. मग दोन्ही हात पुढं करतं. मग किंचाळतं. आणि कशानंच काही होत नाही म्हटल्यावर मान फिरवून घेतं. त्याच्याजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या युक्त्या त्यानं वापरून बघितल्या, हे लक्षात घ्या. समोरून काहीच आलं नाही, म्हणून त्यानं त्या गुंडाळून ठेवल्या.

गेल्या महिन्यात बसस्टँडवर एक बाई मांडीवर बाळ घेऊन मोबाइल बघत होती. बाळ तिच्या बांगड्या ओढत होतं. माझ्या शेजारची म्हणाली, बघा आजकालच्या आया. मी वाकून बघितलं. नवरा गोव्याला कामाला, त्याचा मेसेज आला होता, पैसे पाठवले की नाही ते ती वाचत होती. तिचीही कुणाकडं तरी ओढ होतीच की. मी काही बोलले नाही. बाळाशी थोडी खेळले.

आपल्या भागाबद्दल एक बोलायचंय. घाबरू नका, सीमाप्रश्नावर बोलायला मी आलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला, बेळगाव मैसूर राज्यात गेलं त्या दिवशी, माझे वडील रेडिओपाशी कसे बसले होते ते मी आईकडून ऐकलंय, आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयात काय चाललंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी बोलतेय ते पोरांबद्दल. घरी मराठी, गल्लीत कानडी आणि उर्दू, शाळा इंग्रजी, सरकारी फॉर्म कानडी. असं पोर तीन-तीन भाषांत हुशार व्हायला पाहिजे. काही होतातही. पण मी अशीही पोरं बघितली आहेत की जी तीन भाषांत गप्प आहेत. घरी तोंड उघडलं की आजोबा म्हणतात, “शुद्ध मराठी बोल.” शाळेत तोंड उघडलं की दंड. दुकानात तोंड उघडलं की “कन्नडदल्ली माताडी,” कानडीत बोला. पोरानं सांगायची गोष्ट काय होती? त्याच्या मांजरीला पिल्लं झाली होती.

मी स्वतः ट्रेनिंगला पुण्याला गेले तेव्हा खोलीतल्या मुलींना पहिल्याच दिवशी विचारलं, “काय करूलास गे?” त्या खोलीत जे हसू उसळलं ते अजून माझ्या कानात आहे. नंतर महिनाभर मी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलले. मग एका मुलीनं, ती लातूरकडची होती, रात्री विचारलं, “तुमच्याकडं ‘कुठं चाललास’ला काय म्हणतात गं?” तिला हसायचं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यावर माझं तोंड सुटलं आणि आज चाळीस वर्षांनी तुम्हाला ते बंद करता येत नाहीय.

संमेलनांचंही बोलते, राग धरू नका. कडोली, उचगाव, येळ्ळूर, किती गावं, जानेवारी आला की मांडव. ग्रंथदिंडी, नऊवारीतल्या मुली, मोठे पाहुणे. अख्खं गाव वर्गणी काढून साहित्याचं जेवण घालतं, हे महाराष्ट्रातसुद्धा सगळीकडं बघायला मिळत नाही. पण एक करा. गावातल्या पोरांचं काव्यवाचन जेवणाच्या वेळी ठेवू नका. दरवर्षी मी बघते. पाहुण्यांचं भाषण झालं की मांडव उठतो, आणि नववीतली एक मुलगी थरथरत्या हातानं वही धरून रिकाम्या खुर्च्यांना कविता ऐकवते. दगडी चेहऱ्याची आई तुम्हाला आठवत असेल. रिकामी खुर्ची त्याहून वाईट.

त्यापेक्षा आपल्या भजनातली पद्धत बघा. नवा पोरगा आला तर त्याला कोपऱ्यात बसवून शिकवत नाहीत. टाळ हातात देतात आणि दोन जाणत्यांच्या मध्ये उभा करतात. चुकतो. चुकलेला टाळ त्या गजरात बुडून जातो, पण त्याचा हात मात्र शेजारच्याच्या हाताकडं बघून सुधारत जातो. वायगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ, बिचारा सदतीसाव्या वर्षी क्षयानंच गेला, तो हेच म्हणत होता: मुलाला आज दुसऱ्याच्या मदतीनं जे जमतं, ते उद्या एकट्याला जमेल. आपल्या विठोबाच्या देवळात हे कधीपासून चालूच आहे.

(इथं श्रोत्यांतल्या एका तरुण बाईंनी उभं राहून विचारलं: “बाई, तुम्ही म्हणता माणसांमुळं वाढ होते. माझी तर माणसांमुळंच खुंटली. लग्नाआधी मी पेटी वाजवायची. सासरी अकरा माणसं. एक मिनिट एकटी नसते मी.”)

बरं झालं विचारलंत. मी इतका वेळ एकाच बाजूनं बोलत होते. ओढ हा शब्द मी कौतुकानं सांगितला, ओढाताण सांगायची राहिली. ती तुम्ही सांगितलीत.

परत बटाट्यावरच येते, मला दुसरं येत नाही. आजी बियाण्याची पोती एकावर एक रचू द्यायची नाही. पुरुष माणसं आळसानं थप्पी लावायची आणि ती ओरडायची. थप्पी लावली की मधली पोती घामेजतात, गरम होतात आणि कुजतात. वरून कळतही नाही. वास आला की कळतं, तोवर उशीर. बटाट्याला बटाटा लागून असला म्हणजे त्याला सोबत मिळाली असं नाही. वारा खेळला पाहिजे. अकरा माणसांच्या घरात तुमचं ऐकणारं एकही नसेल, तर त्या घरात अकरा माणसं आहेत असं मी मोजणार नाही. आणि एकांत लागतोच. रियाज काय मांडवात करतात? पण तो एकांत कुणीतरी तुम्हाला द्यावा लागतो, पोरं सांभाळून, चहा स्वतः करून घेऊन. दुपारी तासभर पेटी काढायची असेल तर घरातल्या एका तरी माणसाला आधी आपल्या बाजूला घ्या. सासूबाईच असतील कदाचित. त्यांनी काय सोडलं होतं ते विचारून बघा. आणि त्या काय सांगतात ते पुरतं ऐका. तुमचं गाऱ्हाणं नंतर. याहून जास्त सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण त्या घरात मी राहत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं. फौंड्रीचं एक सांगून थांबते.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या मुलाला म्हटलं, तुझं काम बघायला येते. मुलगा म्हणायचं, आता पन्नाशीकडं आलाय, हाताखाली दहा-बारा पोरं आहेत. रविवार होता, काम बंद, भट्टी थंड. मालकाची परवानगी काढून त्यानं मला आत नेलं. प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. त्यानं दोन कास्टिंगं साखळीला टांगली, दिसायला जुळी. हातोडी घेतली. एकीवर टोला, दुसरीवर टोला.

“कुठली खराब, बाई?”

मला दोन्ही सारखीच ऐकू आली. मी अंदाजानं डावीकडं बोट दाखवलं. तो काही बोलला नाही. बोटानं साखळी धरून हेलकावे थांबवले, आवाज पूर्ण विरू दिला आणि परत वाजवलं. मला अजून कळलं नाही. मी म्हटलं, अरे, माझ्या कानात नाही ते. तो हसला. पंख्याचं बटण बंद करून आला.

“घाई न्हाई बाई,” म्हणाला. “डोळं मिटा. परत वाजवतो.”